गॅलरीतलं दप्तर आणि सफाईची अ‍ॅप्स

नेवासा, राहुरी किंवा पारनेर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मोबाइलची गॅलरी उघडली, तर घरच्या माणसांचे फोटो शोधावे लागतात. आधी दिसतात ते कागद. सातबारा, आठ-अ, दोन्ही बाजूंनी काढलेलं आधार कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, कांद्याची पट्टी, उसाच्या वजनकाट्याची पावती, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, पाण्यात उभं असलेलं सोयाबीन, लेकीचं बारावीचं गुणपत्रक, खिडकीला धरून टिपलेला आईचा एक्स-रे. अधूनमधून शुभ सकाळ, दशक्रिया विधीच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर आणि एकाच लग्नाचे सहा जणांकडून आलेले तेच ते फोटो. पूर्वी जे पत्र्याच्या पेटीत, लाल फडक्यात बांधून ठेवलं जायचं, ते घराचं दप्तर आता गॅलरीत आलं आहे.

स्वस्त फोनची मेमरी मुळात तोकडी, त्यातली बरीच जागा फोनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने आधीच धरलेली असते. मग एक दिवस ‘स्टोरेज भरलं आहे’ असं येतं, आणि नेमकं कामाच्या वेळी येतं. बांधावर ई-पीक पाहणी करायची असते आणि कॅमेराच उघडत नाही. कोणीतरी सांगतं, अमुक क्लीनर टाक, दोन मिनिटांत फोन मोकळा होतो. अ‍ॅप उतरवलं जातं, पहिल्याच पडद्यावर ते सगळ्या फोटोंची परवानगी मागतं, माणूस ‘अलाऊ’ दाबतो. थोडा वेळ चक्र फिरतं, मग मोकळ्या झालेल्या जागेचा आकडा झळकतो. त्या दोन मिनिटांत आपलं दप्तर कोणी चाळलं, त्यातलं काय टिपून घेतलं आणि ते कुठे गेलं, हे मात्र पडद्यावर कुठेच येत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडलेलं बरं. फोटो साफ करण्यासाठी ते फोनबाहेर नेण्याची तांत्रिक गरज जवळजवळ कधीच नसते. आणि आपल्याकडच्या गॅलरीत एकट्या मालकाचं असं थोडंच असतं. भावकीचं, शेजाऱ्याचं, बचत गटातल्या बायकांचंही तिथे काही ना काही असतं. त्यामुळे एकाने दाबलेल्या ‘अलाऊ’मध्ये अनेकांची संमती गृहीत धरली जाते, आणि त्या अनेकांना ते कधी कळतही नाही. अ‍ॅपचा बाजार, कायदा आणि सरकारी योजना या तिन्ही ठिकाणी हा मुद्दा सुटून गेला आहे.

आधी गॅलरी भरली कशी ते पाहू. शुभेच्छांचा वाटा मोठाच आहे. भारतीयांचे फोन सारखे का अडकतात याचा शोध घेताना गूगलच्या अभियंत्यांना ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांचा ढीग सापडला, हे २०१८च्या जानेवारीत जगभर छापून आलं. त्याआधी, डिसेंबर २०१७मध्ये, गूगलने भारतासारख्या देशांतले कमी जागेचे फोन डोळ्यांपुढे ठेवून ‘फाइल्स गो’ हे अ‍ॅप आणलं होतं. अशी चित्रं ओळखून एकत्र पुसायची सोय त्यात केली गेली. तेच आज ‘फाइल्स बाय गूगल’ म्हणून ओळखलं जातं. पुढे १ जून २०२१पासून गूगल फोटोजची मोफत अमर्याद जागा बंद झाली, १५ जीबीची मर्यादा आली, आणि ‘सगळं वर चढवून ठेवू’ हा मार्गही आखडला.

दुसरा वाटा सरकारचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. १५ ऑगस्ट २०२१ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हा महसूल खातं संगमनेरच्या बाळासाहेब थोरातांकडे होतं. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह चढवायचा, अशी ती पद्धत. तलाठ्याच्या नोंदीवर अवलंबून राहणं कमी झालं, हा तिचा खरा फायदा. पुढे एक रुपयातला पीक विमा आला, तेव्हा नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवायचं, आणि जवळ पुरावा असावा म्हणून फोटो काढायचे. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३पासून मजुरांची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. २०२५च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव भागात अतिवृष्टीने रानं खरवडून नेली, तेव्हाही पंचनाम्याच्या आधी लोकांनी हातात मोबाइल घेतला. फोटो काढला नाही तर हक्क बुडेल, ही भीती गावोगाव मुरली आहे. अशा माणसाला ‘नको ते फोटो पुसत जा’ एवढं सांगून भागत नाही, कारण कुठला फोटो कधी मागितला जाईल हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

या सगळ्यात सर्वांत जास्त कागद सांभाळते ती अंगणवाडी सेविका. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन अडकतात, तापतात, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे, या त्यांच्या तक्रारी होत्या. कित्येकींचं काम मग स्वतःच्या फोनवर आलं. २०२४च्या जूनअखेर ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि ‘नारीशक्ती दूत’ अ‍ॅपवरून अर्ज भरायला सुरुवात झाली. आधार, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड, पासबुक, हमीपत्र, आणि अर्जदार बाईचा समोर बसवून काढलेला फोटो, असं सगळं मोबाइलमधून जायचं. रेंज नसेल, सर्व्हर चालत नसेल, तर आधी फोटो काढून ठेवायचे आणि रात्री बसून अर्ज भरायचे. एका वस्तीतल्या पन्नास-साठ बायकांची कागदपत्रं एकीच्या गॅलरीत जमा झाली ती अशी. १ जुलै २०२५पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची अटही आली. याच फोनवर सेविकेची मुलं अभ्यासाचे व्हिडिओ पाहतात, आणि फोन अडकला की क्लीनर बहुतेक तेच उतरवतात.

आता सफाई प्रत्यक्षात कशी चालते ते जरा जवळून पाहू, कारण सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे. दोन फाइल अगदी तंतोतंत सारख्या असतील तर काम सोपं. प्रत्येक फाइलवर एक गणित करून तिचा छोटा ठसा काढायचा, आणि ठसे जुळले की दुसरी प्रत फालतू. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो प्रत्येक वेळी थोडा दाबला जातो आणि त्याचा ठसा पार बदलतो. म्हणून सारखे ‘दिसणारे’ फोटो हुडकायला दुसरी युक्ती वापरतात. फोटो नऊ बाय आठ ठिपक्यांइतका लहान करायचा आणि रंग काढून करडा करायचा. मग प्रत्येक ओळीत डावीकडचा ठिपका शेजारच्यापेक्षा उजळ आहे की गडद, एवढंच पाहायचं. आठ ओळी, ओळीत आठ तुलना, म्हणजे चौसष्ट हो-नाहीची उत्तरं झाली. दोन फोटोंची उत्तरं चार-पाच ठिकाणीच वेगळी असतील, तर ते एकाच दृश्याचे फोटो धरायचे. लग्नात पाठोपाठ काढलेले सात फोटो एका गठ्ठ्यात येतात ते या हिशेबाने. धूसर फोटो ओळखायलाही कडा किती ठळक आहेत एवढंच मोजावं लागतं.

हे सगळं साध्या फोनचा प्रोसेसर स्वतः करू शकतो, इंटरनेट न लावता. चेहरे ओळखणं किंवा फोटोतला मजकूर वाचणं हे थोडं जड काम, पण तेही आता फोनवरच होतं. गूगलने अ‍ॅप बनवणाऱ्यांना मोफत दिलेल्या साधनांत देवनागरी वाचणारं साधनही आहे. म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव आणि गट नंबर फोनमधलं अ‍ॅप जागच्या जागी वाचू शकतं. ही सोय आहे आणि धोकाही. जे अ‍ॅप कागद ओळखून ‘हे जपून ठेवा’ म्हणेल, तेच अ‍ॅप कागद ओळखून उचलूही शकतं, कारण दोन्हींसाठी परवानगी तीच लागते.

तरीही माहिती बाहेर जाते, त्याचं कारण धंद्यात आहे. मोफत क्लीनर जाहिरातींवर जगतो. त्यात जाहिरात कंपन्यांचे तयार तुकडे जोडलेले असतात, आणि ते फोनची ओळख, ठिकाण, वापराच्या वेळा, कुठली अ‍ॅप्स आहेत असलं बरंच काही गोळा करू शकतात. फोटो जागेवर राहिला तरी त्याच्या पोटातली माहिती उरतेच. कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फोटोत तारीख, वेळ आणि बहुधा अक्षांश-रेखांश असतात. व्हॉट्सअ‍ॅपने साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतात, मूळ गॅलरीत मात्र राहतात. महिनाभराच्या अशा फोटोंवरून घर, शेत, शाळा आणि दवाखाना नकाशावर मांडता येतो. शिवाय अँड्रॉइडवर इंटरनेट वापरण्याची परवानगी अ‍ॅप आपल्याला विचारतच नाही. ती आपोआप मिळते. फोटोंची परवानगी माणूस निदान डोळ्यांनी पाहतो, पण बाहेर जायचा रस्ता उघडा आहे हे त्याला दिसत नाही.

ही भीती कल्पनेतली नाही, हे सांगायला गेल्या काही वर्षांतली चार प्रकरणं पुरेशी आहेत.

‘क्लीन मास्टर’ हे चीनच्या चीता मोबाइल कंपनीचं अ‍ॅप एके काळी आपल्याकडच्या फोनांत सर्रास असायचं. २०१८च्या अखेरीस या कंपनीच्या अ‍ॅप्सवर जाहिरातींच्या पैशांत लबाडी केल्याचा आरोप झाला. फेब्रुवारी २०२०मध्ये गूगलने त्रासदायक जाहिरातींवरून सुमारे सहाशे अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली, त्यांत या कंपनीचीही बरीच होती. २९ जून २०२०ला केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. टिकटॉकच्या गदारोळात लोकांच्या लक्षात राहिलं नाही, पण त्या यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, कॅश क्लीनर आणि व्हायरस क्लीनर अशी सफाईची चार अ‍ॅप्स होती. त्याच सुमारास शाओमीच्या फोनमधल्या अंगच्या क्लीनरमध्ये ‘क्लीन मास्टर’चं नाव दिसत असल्यावरून प्रश्न उठला, आणि कंपनीला ते काढून टाकल्याचं जाहीर करावं लागलं. फोनसोबत आलेलं साधनही कोणाकोणाचे तुकडे जोडून बनलेलं असतं, हे त्यावरून दिसलं. बंदीने देशाच्या सुरक्षेचा प्रश्न हाताळला. गॅलरीचा नियम मात्र त्यातून निघाला नाही, आणि रिकामी झालेली जागा दुसऱ्या नावांच्या क्लीनरांनी भरून काढली.

‘एव्हर’ हे अमेरिकेतलं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एव्हरअल्बम कंपनीचं हे अ‍ॅप फोनची जागा मोकळी करण्यासाठी फोटो आपल्याकडे ठेवून घ्यायचं. कंपनीने त्या फोटोंतून चेहरे ओळखणारं तंत्र तयार केलं आणि तो वेगळा धंदा उभा केला. खातं बंद केलं की फोटो पुसू, असं सांगून पुसले नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२१मध्ये या प्रकरणात तडजोडीचा आदेश जाहीर केला. नुसते फोटो पुसून चालणार नाही, त्यांवर शिकवलेली चेहरेओळखीची यंत्रणाही नष्ट करा, असं त्यात म्हटलं होतं. आणखी एक बाब त्या कागदपत्रांत आहे. चेहरा ओळखण्याची सोय चालू ठेवायची की नाही, हे कंपनीने काही काळ फक्त इलिनॉय, टेक्सस, वॉशिंग्टन आणि युरोपातल्या लोकांना विचारलं. इतर सगळ्यांच्या फोनवर ती आपोआप चालू होती. जिथे कायद्याचा धाक होता तिथेच तेवढं विचारलं गेलं. अकोल्याच्या किंवा कर्जतच्या माणसासाठी कायदा काय कामाचा, असं विचारणाऱ्याने हे आठवावं.

तिसरं प्रकरण सरळ चोरीचं. फेब्रुवारी २०२५मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाचा प्रकार उघड केला. प्ले स्टोअर आणि अ‍ॅपलचं स्टोअर, दोन्हींवरच्या काही अ‍ॅप्समध्ये तो लपलेला होता. गॅलरीची परवानगी मिळाली की फोटोंतला मजकूर वाचायचा, आभासी चलनाच्या पाकिटाचे गुप्त शब्द शोधायचे आणि तेवढेच फोटो बाहेर पाठवायचे, असं त्याचं काम. आपल्याकडे आभासी चलन थोड्यांकडे असेल. पण एटीएमचा पिन, नेट बँकिंगचा पासवर्ड, डायरीच्या पानावर लिहून त्याचा फोटो काढून ठेवणारे घरोघर आहेत. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये थ्रेटफॅब्रिक या कंपनीने ‘अनात्सा’ या बँक लुटणाऱ्या सॉफ्टवेअरची माहिती दिली. प्ले स्टोअरवर ते आलं होतं ‘फोन क्लीनर’च्या वेषात. बॅटरी खाणारी अ‍ॅप्स झोपवायची आहेत, असं सांगून त्याने ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली. ती परवानगी दिली की दुसऱ्याच्या हाती आपल्या पडद्याचा ताबा जातो. त्याचं लक्ष्य युरोपातले बँक ग्राहक होते, पण युक्ती कुठेही चालते. फोटो साफ करणारं अ‍ॅप ही परवानगी मागू लागलं, तर ते त्याच क्षणी काढून टाकावं, इतकं हे स्पष्ट आहे.

फोन बनवणाऱ्यांनी काही केलं नाही असं नाही. आयफोनवर २०२०पासून निवडक फोटोंपुरतीच परवानगी देता येते. अँड्रॉइडवर ही निवड चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२३मध्ये आली. त्याआधीच्या आवृत्त्यांवर अ‍ॅपने परवानगी मागितली की सगळी गॅलरी द्यायची किंवा काहीच नाही, आणि खेड्यातल्या हातांत असे जुने फोन भरपूर आहेत. प्ले स्टोअरने २०२५मध्ये नियम आवळले. एखाद-दुसरा फोटो लागणाऱ्या अ‍ॅपला आता पूर्ण गॅलरी मागता येत नाही. पण गॅलरी हाताळणं हेच ज्याचं मूळ काम, त्याला ती मिळू शकते. साफसफाईच्या अ‍ॅपला निवडक दहा फोटो देऊन तरी काय उपयोग? म्हणून या अ‍ॅप्सच्या बाबतीत हा सगळा बंदोबस्त लुळा पडतो.

स्टोअरच्या पानावरचा ‘डेटा सेफ्टी’ हा तक्ताही जपून वाचावा लागतो, कारण तो अ‍ॅप बनवणाऱ्यानेच भरलेला असतो. मोझिला फाउंडेशनने २०२३मध्ये चाळीस लोकप्रिय अ‍ॅप्स तपासली. जवळपास ऐंशी टक्क्यांच्या बाबतीत हा तक्ता आणि त्यांचं स्वतःचं गोपनीयता धोरण यांचा मेळ बसत नव्हता.

आपल्याकडचा कायदा इथे कुठे उभा आहे? २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यापुढे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७च्या सुमारास लागू होणार आहेत. तोवर आधार आहे तो २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा आणि २०११च्या नियमांचा, जे स्मार्टफोनच्या गॅलरीचा विचार करून लिहिलेले नाहीत.

नव्या कायद्यात चांगलं बरंच आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमकी आणि कामापुरती हवी, असं तो म्हणतो. कायद्याच्या पुस्तकातच एक उदाहरण दिलं आहे: दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली नंबरांची यादी मागितली आणि बाईने हो म्हटलं, तरी सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नसल्याने ती संमती यादीला लागू होत नाही. हाच न्याय फोटो सफाईला लावला तर सारखे फोटो हुडकायला ते फोनबाहेर नेण्याची गरज नाही; मग बाहेर नेण्याची संमती, बटण दाबलं असलं तरी, लंगडी ठरायला हवी. संमती मागताना द्यायची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवावी लागेल. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल. माहितीची सुरक्षा राखली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

उणिवाही तितक्याच ठळक आहेत. दंड सरकारच्या तिजोरीत जाणार. ज्याचे फोटो फुटले त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही, आणि जुन्या कायद्यातलं भरपाईचं कलम ४३-अ गाळायचं ठरलं आहे. वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर कायद्याबाहेर आहे. ते एरवी बरोबरच. नाहीतर लग्नाचे फोटो ठेवायलाही परवानगी लागली असती. पण सेविकेच्या फोनमधली गावच्या बायकांची कागदपत्रं घरगुती म्हणायची की सरकारी? काम सरकारचं, फोन तिचा, क्लीनर तिसऱ्याचा. त्या बायकांपैकी एकीनेही क्लीनरला संमती दिलेली नाही. सरकारी लाभासाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा कायदा सरकारला देतो, आणि नियमांत त्यासाठी मानकं आहेत: लागेल तेवढीच माहिती घ्यावी, लागेल तितकेच दिवस ठेवावी. ही मानकं मंत्रालयातल्या सर्व्हरपाशी थांबली, तर वस्तीवरच्या गॅलरीला त्यांचा काही उपयोग नाही.

याच कायद्यातली एक गोष्ट मात्र नियमांबरोबर लगेच लागू झाली, आणि ती राळेगणसिद्धीच्या जिल्ह्याला बोचायला हवी. माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) बदललं गेलं. पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देण्याची वाट त्या कलमातच होती. आता वैयक्तिक माहिती सरसकट वगळली आहे, आणि जनहिताचा आधार घ्यायला कलम ८(२)कडे जावं लागतं. राळेगणसिद्धीच्या आंदोलनांमुळे महाराष्ट्राला २००२चा माहिती अधिकाराचा कायदा मिळाला. त्या जिल्ह्यात खासगीपणाच्या नावाखाली हजेरीपट आणि लाभार्थी याद्या बंद होऊ लागल्या, तर लोकांच्या मनात खासगीपणाबद्दलच अढी बसेल. क्लीनर गॅलरीतून काय नेतो हे सामान्य माणसाला कळणार नाही, आणि त्याच्याच नावाने कामं कोणी दाखवली हेही कळणार नाही, असं व्हायला नको.

नियम नीट लिहिला तर गॅलरीचं दार बंद करता येतं, याचा दाखला आपल्याकडेच आहे. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी गॅलरी आणि नंबर उचलून, फोटो बदलून, नातेवाइकांना पाठवून लोकांना छळलं. त्यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये डिजिटल कर्जासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधल्या फाइल, फोटो, नंबरांची यादी यांना हात लावायचा नाही. गूगलनेही ३१ मे २०२३पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅप्सना फोटो आणि संपर्क वाचायला बंदी केली. कर्जाला रिझर्व्ह बँक होती म्हणून हे झालं. सफाईच्या अ‍ॅपला असा कोणी पालक नाही. ‘सफाईसाठी गॅलरी वाचणाऱ्या अ‍ॅपने फोटो, त्यांचे ठसे आणि त्यांतला मजकूर फोनबाहेर पाठवू नये’ असा एका ओळीचा नियम पुरेसा आहे, आणि अ‍ॅप तपासून तो पाळला की नाही हे ठरवताही येतं.

खरं-खोटं अ‍ॅप ओळखण्याचा प्रश्नही लहान नाही. शनिशिंगणापूर देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप्स काढून पूजेच्या नावाखाली भाविकांकडून पैसे उकळल्याचं प्रकरण २०२५मध्ये विधानसभेत गाजलं, सायबर पोलिसांकडे गेलं. देवाच्या नावाचं अ‍ॅप लोक तपासत नाहीत, तसंच ‘सफाई’ या नावाचंही तपासत नाहीत. आणि क्लीनरची जाहिरात बहुधा दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये, ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशा खोट्या इशाऱ्यातून येते.

बायका आणि मुली यांच्यासाठी धोका आणखी निराळा. एखादा साधा घरगुती फोटो बाहेर गेला तरी तो बदलून अश्लील करता येतो. असा प्रकार घडला तर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१च्या नियमांप्रमाणे, पीडित व्यक्तीने कळवल्यावर समाजमाध्यम कंपनीने असा मजकूर ठरलेल्या मुदतीत हटवायला हवा; आधी चोवीस तासांची असलेली ही मुदत फेब्रुवारी २०२६पासून दोन तासांवर आली. ही तरतूद फार जणींना माहीत नाही. ती शाळेच्या फळ्यावर लिहिण्याजोगी आहे.

‘क्लाउड’वर फोटो चढवून फोन मोकळा करणं हा सुरक्षित पर्याय समजला जातो. तो बराच सुरक्षित आहे, पण तिथेही कोणीतरी पाहत असतं. २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांसाठी काढला. तो आपोआप गूगलकडे चढला, यंत्राने त्याला बालशोषणाचं चित्र ठरवलं आणि बापाचं खातं बंद झालं. पोलिसांनी निर्दोष ठरवूनही खातं परत मिळालं नाही. मुलांच्या दुखण्याचे फोटो डॉक्टरांना पाठवण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे, म्हणून हे ठाऊक असावं.

मग जागा मोकळी करायची कशी? फोनच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमध्ये मोठ्या आणि दुहेरी फाइल दाखवण्याची सोय आज बहुतेक ठिकाणी असते. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही ‘मॅनेज स्टोरेज’ आहे आणि ग्रुपचे फोटो आपोआप उतरणं बंद करता येतं. एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. बाहेरचं अ‍ॅप वापरायचंच असेल तर ते उतरवून झाल्यावर एअरप्लेन मोड लावावा, वायफाय बंद असल्याची खात्री करावी, सफाई करून घ्यावी आणि नेट चालू करण्याआधी अ‍ॅप काढून टाकावं. नुसतं नेट बंद करून उपयोग नाही, कारण टिपलेलं ते नंतरही पाठवू शकतं. नेटशिवाय जे अ‍ॅप फोटो मोजायलाही तयार नसेल, ते ठेवू नये. पुसलेले फोटो कचरापेटीत तीस दिवस किंवा जास्तही राहतात, म्हणून फोन विकताना किंवा दुरुस्तीला देताना ती पेटी रिकामी करावी.

पण हे सगळं माणसाच्या अंगावर टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही. सेविका किंवा रोजगार सेवक कागदांचे फोटो पुसत नाहीत, त्यामागे साधं कारण आहे: अर्जात त्रुटी निघाली की तेच कागद पुन्हा मागितले जातात, आणि बाई पुन्हा कामाचा खाडा करून येऊ शकत नाही. योजनेच्या अ‍ॅपने फोटो गॅलरीत न ठेवता थेट आपल्यापाशी घ्यावा, रेंज नसेल तर अ‍ॅपच्याच कुलूपबंद जागेत थांबवावा, चढला की मराठीत पोच द्यावी, आणि त्रुटी निघाली तर आधीचे कागद तिथेच उघडता यावेत. हे बनवायला अवघड नाही; बँकांची अ‍ॅप्स यातलं बरंच आज करतात. जोडीला जिल्हा परिषदेने एक परिपत्रक काढावं: लाभार्थ्यांची कागदपत्रं खासगी फोनवर किती दिवस ठेवायची, कोणाच्या देखरेखीत पुसायची, आणि सरकारी कामाच्या फोनवर कुठली अ‍ॅप्स टाकायची नाहीत. कागदांसाठी पुरेशी जागा असलेला फोन देणं हे तर २०२१पासूनचं देणं आहे. यातल्या एकाही कामासाठी मे २०२७ची वाट पाहावी लागत नाही.